इंजिनाचं नाक

मधल्या सुटीत माझ्या वर्गातला एक मुलगा डबा न उघडताच बसला होता. "काय रे, भूक नाही?" मी विचारलं. तो हळूच म्हणाला, "बाई, दादाची गाडी बिघडली. बाबा त्याच्याशी बोलतच नाहीत."

दादाने जुन्या गाडीचं इंजिन जोरदार करून घेतलं होतं. वर साठवलेल्या पैशांतून चकचकीत, शंकूसारखा एअर फिल्टर बसवला. गाडी वाघासारखी गुरगुरू लागली! पण काही महिन्यांतच मागून निळसर धूर येऊ लागला.

असं का झालं? चला, शोधू या.

इंजिनही श्वास घेतं, बरं का! १ लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या ९ टाक्या! या हवेत रस्त्याची धूळ असते आणि धुळीत वाळूचे बारीक कण. ते आत गेले की सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात. मग फटीतून ऑइल वर चढतं आणि जळतं. तोच तो निळा धूर. म्हणून फिल्टर म्हणजे इंजिनाचं नाक!

जोरदार इंजिनाला हवा जास्त लागते. मग मोठ्या भोकांचा फिल्टर लावावा का? आईला विचारा. मोठ्या भोकांच्या चाळणीतून पीठ भराभर पडतं, पण कोंडाही पडतो. त्यापेक्षा भोकं बारीकच ठेवून चाळणी मोठी घ्यावी. वहीच्या कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून बघा. कागद तेवढाच, पण जागा किती कमी लागते! फिल्टरमध्ये घड्या असतात त्या याचसाठी.

कागदी फिल्टर बारीक धूळ छान अडवतो. मळला की बदलायचा. तेल लावलेला सुती फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, हवाही मोकळी सोडतो. पण तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं. स्पंजाच्या फिल्टरचीही अशीच निगा राखावी लागते.

आणखी एक गंमत. बॉनेटखाली उघडा फिल्टर इंजिनाजवळची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ असते. २० अंशांची हवा ६० अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेत ती सुमारे १२ टक्के कमी मावते. म्हणजे आवाज मोठा आणि घास लहान! म्हणून फिल्टर बंद पेटीत ठेवून बाहेरची गार हवा आणलेली बरी.

दादाच्या गाडीत काय सापडलं? फिल्टरची क्लिप सैल होती. मेकॅनिककाकांनी फिल्टरमागच्या पाइपात बोट फिरवलं, तर बोटाला माती लागली! फिल्टर महागाचा, पण शेजारच्या फटीतून धूळ बिनधास्त आत जात होती.

तेव्हा फिल्टर निवडताना आधी विचारायचं, गाडी कुठल्या रस्त्यावर धावणार? मग इंजिनाला पुरेल एवढा मोठा आहे का, गार हवा मिळेल का, आणि घट्ट बसतो का? आवाजाचा नंबर सगळ्यांत शेवटी.

आता दादाने मोठ्या पेटीतला कागदी फिल्टर घेतलाय. परवा तो मुलगा धावतच आला. "बाई, काल क्लिप बाबांनी आवळली, बॅटरी मी धरली होती!" आणि त्या दिवशी डबा चाटूनपुसून साफ!