देगलूरचे आमदार तेच, पक्ष बदलला. मग आपण मत दिले कशाला?

देगलूर विधानसभा पोटनिवडणुकीचा निकाल २ नोव्हेंबर २०२१ रोजी लागला. काँग्रेसचे आमदार रावसाहेब अंतापूरकर यांचे त्या वर्षी कोरोनाने निधन झाले होते. त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव जितेश अंतापूरकर उभे राहिले. त्यांना १,०८,८४० मते पडली. शिवसेना सोडून भाजपच्या तिकिटावर लढलेले माजी आमदार सुभाष साबणे यांना ६६,९०७ मते मिळाली. फरक ४१,९३३ मतांचा. महाविकास आघाडीने गुलाल उधळला आणि आपल्याकडेही अनेकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. आपण भाजपला रोखले, असे आपल्याला वाटले.

पुढे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले. ऑगस्टमध्ये जितेश अंतापूरकर यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि तेही त्याच वाटेने गेले. नोव्हेंबरमध्ये ते कमळावर उभे राहिले आणि पुन्हा ४० हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. आमदार तेच, मतदारसंघ तोच, फरकही जवळपास तेवढाच. बदलली ती फक्त निशाणी.

इथे नेत्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण प्रश्न आपल्यालाही विचारायला हवा. २०२१ मध्ये आपण मत दिले तेव्हा त्या मताबरोबर काय मागितले होते? उर्दू शाळेतील रिक्त पदे, कब्रस्तानची भिंत, सीमेवरच्या तालुक्यातील तरुणांसाठी रोजगार, यांतले काही लेखी मागितले होते का? बहुतेक ठिकाणी नाही. आपण एवढेच सांगितले की “ते नकोत”. ज्याला फक्त “ते नकोत” म्हणून मत मिळते, त्याच्यावर आपल्या कामाचे ओझे नसते. मग तो कुठेही गेला तरी त्याने आपल्याला दिलेला कोणता शब्द मोडला, हे दाखवणे अवघड जाते.

याचा अर्थ मताला किंमत नाही, असा मुळीच नाही. उलट त्याच नोव्हेंबर २०२४ मध्ये नांदेडने मताची किंमत सगळ्या देशाला दाखवली. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबर २० नोव्हेंबरला झाली. देगलूरही याच लोकसभा मतदारसंघात येते. एकाच खोलीत मतदारापुढे दोन यंत्रे होती. विधानसभेला जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा महायुतीने जिंकल्या. लोकसभेला मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण भाजपचे संतुकराव हंबर्डे यांच्यापेक्षा १,४५७ मतांनी पुढे राहिले. म्हणजे हजारो लोकांनी एक बटण एका बाजूचे आणि दुसरे बटण दुसऱ्या बाजूचे दाबले. मतदार कोणाच्या खिशात नसतो, तो प्रत्येक यंत्रापुढे वेगळा विचार करू शकतो, हे यातून दिसते.

१,४५७ म्हणजे किती? या मतदारसंघात सुमारे दोन हजार मतदान केंद्रे आहेत. एका केंद्रामागे एक मतसुद्धा येत नाही. ज्याचे नाव यादीत नव्हते, जो पुण्याहून किंवा हैदराबादहून गावी आला नाही, जो “माझ्या एका मताने काय होणार” म्हणून दुकानातच बसला, त्याने या आकड्याकडे पाहावे. जून २०२४ मध्ये हीच जागा काँग्रेसने ५९ हजारांहून अधिक मतांनी जिंकली होती. पाच महिन्यांत ते अंतर इतके आटले.

मतविभागणीबद्दलही खरे बोलायला हवे. दर निवडणुकीत आपल्याला तिची भीती घातली जाते. देगलूरच्या पोटनिवडणुकीत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला ११,३४८ मते मिळाली. फरक ४१ हजारांचा असल्याने त्या मतांनी निकाल बदलला नसता. पण नांदेड दक्षिणमध्ये २०२४ ला विजयाचे अंतर २,१३२ मतांचे होते. तिथे प्रत्येक छोट्या उमेदवाराची मते मोजावी लागतात. म्हणून “विभागणी टाळा” हा मंत्र सगळीकडे सारखा लागू होत नाही आणि तो सगळीकडे खोटाही नाही. आपल्या मतदारसंघाचे आकडे आपणच बसून तपासले, तर कोण आपल्याला उगाच घाबरवतो आणि कोण खरे सांगतो ते कळेल.

ब्रिटनमधील मुस्लिम मतदारांचा अनुभव आपल्यापेक्षा फार वेगळा नाही. तिथे लेबर पक्ष वर्षानुवर्षे मुस्लिम वस्त्यांची मते आपलीच मानत आला. गाझाच्या प्रश्नावर तो विश्वास तुटला. फेब्रुवारी २०२४ मध्ये रॉचडेलच्या पोटनिवडणुकीत जॉर्ज गॅलोवे जिंकले, पण जुलैच्या सार्वत्रिक निवडणुकीत ती जागा लेबरने परत घेतली. त्याच जुलैमध्ये लेस्टर साउथमध्ये शौकत अॅडम या अपक्षाने लेबरच्या बड्या नेत्याला ९७९ मतांनी हरवले. अॅडम त्याच शहरातले, डोळे तपासण्याचा व्यवसाय करणारे. दोन्ही ठिकाणी राग होता. पण रागावर जिंकलेली जागा टिकवायची तर गल्लीतले काम आणि गल्लीतला माणूस लागतो.

हाच धडा नांदेडच्या महानगरपालिकेतही मिळाला होता. २०१२ मध्ये एमआयएमचे ११ नगरसेवक निवडून आले आणि देशभर चर्चा झाली. २०१७ मध्ये ८१ पैकी ७३ जागा काँग्रेसने घेतल्या, एमआयएमला एकही मिळाली नाही. आज आनंदाने नाचणाऱ्यांनी आणि उद्या शोक करणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवावे.

देगलूरच्या तरुणांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. देगलूर विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार मुस्लिमांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. म्हणजे आरक्षण आहे तोवर इथला मुस्लिम विधानसभेला उभाच राहू शकत नाही. त्या आरक्षणावर आपला राग नसावा; दलित बांधवांचा तो हक्क आहे. पण म्हणूनच आपल्यासाठी नगरपरिषद, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांचे महत्त्व दुप्पट आहे. आपल्यातला माणूस निवडून जाऊ शकेल अशा जागा तिथे आहेत. नळाचे पाणी, नाली, घरकुल आणि दवाखाना यांचे निर्णयही बरेचसे तिथेच होतात. बागवान, मोमीन, अत्तार, पिंजारी अशा बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांना ओबीसींसाठी राखीव जागाही खुल्या आहेत. मात्र त्यासाठी जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री मिळत नाही.

तेव्हा कामे साधी आहेत. १८ पूर्ण होण्याची वाट न पाहता सतराव्या वर्षीच नमुना ६ भरता येतो. वर्षातून चार पात्रता तारखा असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. घर बदलले असेल तर नमुना ८ भरा. प्रभागाची प्रारूप यादी लागली की आपल्या गल्लीतली नावे शेजारच्या प्रभागात गेली नाहीत ना, हे हरकतीच्या मुदतीतच पाहा. उमेदवार मोहल्ल्यात आला की हार घालण्याआधी पाच मागण्यांचा कागद हातात द्या आणि त्याची सही घ्या. सही न करणाराही काहीतरी सांगून जातो. त्या कागदाची प्रत मशिदीच्या आणि समाजमंदिराच्या फलकावर लावा आणि दर सहा महिन्यांनी तो वाचा. दलित, मातंग, लिंगायत, मराठा शेजाऱ्यांच्या मागण्याही त्यात असू द्या, कारण नाली एकाच समाजाच्या दारातून वाहत नाही.

आपल्या दीनमध्ये साक्ष आणि अमानत यांना मोठे स्थान आहे. मत या दोन्हींत मोडते. साक्ष देणारा आपण काय पाहिले ते सांगतो, आणि अमानत सोपवणारा ती सुरक्षित आहे का हे नंतरही विचारतो. देगलूरमध्ये २०२१ ला आपण साक्ष दिली, विचारायला मात्र विसरलो. पुढच्या निवडणुकीआधी विचारायला सुरुवात करू या.