आधी ब्रेक, मग पिकअप

आमच्या कुंभार पिंपळगावात आजही आरएक्स १०० चा आवाज आला की माना आपोआप वळतात. १९९६ सालीच बंद झालेली गाडी. ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन जेमतेम शंभर किलो, म्हणून तो पिकअप! होस्टेलवर तर कितीतरी जणांना ती हवीच असते. घ्या की! फक्त आधी आरसीवरचे इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवर ताडून बघा. रजिस्ट्रेशन रिन्यू आहे का, तेही.

खरा घोळ पुढे होतो. पोर्ट मोठे केले, एअर फिल्टर काढला की हवा जास्त जाते. जेट तोच ठेवला तर मिश्रण लीन होतं, पिस्टन तापून सीज होतो आणि धावत्या गाडीचं मागचं चाक लॉक! वर ब्रेक मूळचे ड्रमच. शिवाय कलम ५२ आहेच, असे बदल कायद्यातही बसत नाहीत.

माझं मत विचाराल तर पोर्टिंगचे पैसे ब्रेक शू, टायर, ऑइल पंप आणि नव्या रिंगांवर घाला. इंजिन मूळ मापात ठेवलं तरी ती उडतेच. आणि हेल्मेट घाला राव! बघा पटतंय का.