फ्रँक, कँडिड, ब्लंट आणि आपला रोखठोक

'स्पष्टवक्ता' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं? कोश उघडलात तर शब्दांची रांगच उभी राहते. फ्रँक, कँडिड, ब्लंट, आउटस्पोकन, फोर्थराइट, स्ट्रेटफॉरवर्ड, सिन्सिअर. यातला कुठलाही उचला आणि वाक्यात बसवा, असाच सगळ्यांचा समज असतो. आम्ही तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेली माणसं. एका शब्दाला एक प्रतिशब्द पाठ करायचा, एवढंच ठाऊक. पण माझं मत असं झालं आहे की समानार्थी म्हणून जे शब्द एका ओळीत छापतात, ते बहुतेक एकमेकांचे चुलत भाऊ असतात. आडनाव एक आणि स्वभाव निरनिराळे!

फ्रँकचंच बघा. फ्रँक नावाच्या टोळीनं गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकला. तिथे पूर्ण स्वतंत्र माणूस म्हणजे फ्रँक माणूस. म्हणून फ्रँक म्हणजे आधी 'मोकळा', आणि मग 'मोकळं बोलणारा'. आपला 'फिरंगी' हा शब्दही याच फ्रँकवरून अरबी-फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. पोस्टातलं 'फ्रँकिंग'ही तेच. विलायतेत पार्लमेंटच्या सभासदांची पत्रं सहीवर फुकट जायची, ती सवलत १८४० साली पेनी पोस्ट आल्यावर बंद झाली. म्हणजे गंमत अशी, की त्यांचा फ्रँक फुकट जाणारा आणि आपला रोखठोक पैसे मोजून देणारा. रोखठोक हा मूळचा बाजारातला शब्द, उधारी नाही, रोखीचा व्यवहार. मला आपला शब्द जास्त आवडतो. खरं बोलायला किंमत पडते हे त्यात आलं.

कँडिड हा लॅटिनमधल्या 'पांढराशुभ्र' या अर्थाच्या शब्दावरून आला. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक खडूनं पांढरा केलेला झगा घालून फिरत, त्यावरून 'कँडिडेट'. आपल्या पुढाऱ्यांचे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे बघून मला नेहमी याची आठवण येते. बाकी काही लिहीत नाही!

'कॉलिंग अ स्पेड अ स्पेड' वर्गात शिकवताना मुलांना हमखास इस्पिकाचा पत्ता आठवायचा. तो फावडं या अर्थाचा स्पेड. मूळ ग्रीकमध्ये फावडं नव्हतंच. तिथे अंजिराला अंजीर आणि काथवटीला काथवट म्हणणारे लोक होते. सोळाव्या शतकात इरॅस्मसनं लॅटिनमध्ये आणताना काथवटीचं खणायचं अवजार करून टाकलं. खरं बोलण्याबद्दलचा वाक्प्रचार भाषांतराच्या घोटाळ्यातून जन्मला!

पण सगळ्यांत घोळ आहे तो ब्लंटचा. ब्लंट म्हणजे बोथट. इंग्रजीत बोथट बोलणं म्हणजे दुसऱ्याला लागेल असं, सरळ तोंडावर बोलणं. आपल्याकडे 'बोथट' टीका म्हणजे जिला धार नाही ती. आपण सडेतोड म्हणतो, परखड म्हणतो. आणि या दोन्हींत थोडं कौतुक असतं. ब्लंटमध्ये ते नाही, किंवा कुरकुरत दिलेलं असतं. फार तर त्याच्या जवळचा आपला शब्द 'फटकळ'.

हे एवढं पुराण लावायचं कारण म्हणजे माझ्या धाकट्या भावाची नात. पुण्यात एका कंपनीत आहे. वर्षअखेरीच्या अहवालात साहेबांनी तिच्यापुढे 'ब्लंट' असं लिहिलं. तिच्याबरोबर एक मुलगा आहे, त्याच सभेत तेच म्हणाला होता की ठरलेल्या तारखेला काम होणार नाही. त्याला लिहिलं 'स्ट्रेटफॉरवर्ड'. काम वेळेवर झालं नाही, म्हणजे दोघांचंही खरं ठरलं. पगारवाढ मात्र एकाचीच झाली. तिचे वडील म्हणाले, "अगं, अर्थ एकच आहे, मनाला लावून घेऊ नकोस." नाही हो, अर्थ एकच नाही! एकात बोलणाऱ्याचा सरळपणा मोजलाय, दुसऱ्यात ऐकणाऱ्याचं दुखणं. शेरा लिहिणारा आपल्याला लागलं ते तिच्या स्वभावावर ढकलून मोकळा होतो. शाळेत मुलींच्या प्रगतिपुस्तकात 'उलट बोलते' आणि मुलांच्या 'धीट आहे' असं लिहिलेलं मी शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ वाचलं आहे. आणि त्यावर वादही घातले आहेत.

खरं बोलणारी सगळी माणसं एका शब्दात मावत नाहीत. १८८८ साली 'सुधारक' निघाला, त्यात मराठी बाजू आगरकरांची आणि इंग्रजी गोखल्यांची. आगरकर परखड, यात दुमत नाही. गोखल्यांना कुणी परखड म्हणणार नाही. पण १८९७ साली विलायतेत असताना त्यांनी पुण्यातल्या प्लेगच्या वेळच्या सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल आरोप केले, परतल्यावर पुरावा हाती लागेना, तेव्हा जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची निंदा झाली. मला विचाराल तर कँडिड शब्द तिथे शोभतो. स्वतःचंच उघडं करून दाखवणं ते.

(सिन्सिअरबद्दल लिहायचं राहिलं. आपल्याकडे सिन्सिअर म्हणजे सांगितलेलं मुकाट्यानं करणारा मुलगा. त्यावर पुन्हा कधीतरी.)

असो. अहवालात खाली कर्मचाऱ्यानं आपलं म्हणणं लिहायला चौकट असते म्हणे. तिनं फोन करून विचारलं, "आजी, ब्लंटच्या ऐवजी चांगला शब्द सांग ना, तोच घाला असं लिहिते." मी म्हटलं, विशेषण मागूच नकोस. तू सभेत कुठली तारीख सांगितली होतीस आणि काम कुठल्या तारखेला संपलं, या दोन तारखा लिही आणि खाली सही कर. तिनं अजून चौकट भरलेली नाही. शुक्रवारपर्यंत मुदत आहे.