सेहरीच्या वाटीत आपले पोहे

रमजानमध्ये सेहरीचा प्रश्न दरवर्षी तोच असतो. पहाटे असे काय खावे, की संध्याकाळपर्यंत पोटाला धीर राहील? आता अनेक घरांत कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या आग्रहाने ग्रॅनोलाचे पाकीट आले आहे. वाटीत ओतले, दूध घातले, झाली सेहरी. ही सोय मोठी आहे, हे मान्य. पण ती गोरेगावात विकत घ्यायची गरज नाही, असे माझे म्हणणे आहे.

ग्रॅनोला म्हणजे भाजलेले धान्य, दाणे आणि थोडा गोडवा. अमेरिकेत डॉ. जेम्स जॅक्सन यांनी १८६३ मध्ये आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी भरड पिठाची भाजलेली कणी तयार केली. तिचे नाव ग्रॅन्युला. पुढे डॉ. केलॉग यांनी तसाच पदार्थ करून त्याला ग्रॅनोला म्हटले. भाजलेल्या धान्याची कल्पना मात्र कितीतरी जुनी आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी प्रवासात रोजा सोडताना पाण्यात कालवलेला ‘सवीक’ मागवल्याचे हदीसमध्ये आहे. सवीक म्हणजे आपला सत्तू. आपल्या लाह्या, मुरमुरे, चिवडाही त्याच कुळातले.

पाकिटामागची बारीक अक्षरे जरूर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर किंवा पाक पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर ती न्याहारी कमी आणि मिठाई जास्त. दिवसभर पाणीही घ्यायचे नाही, अशा दिवसाची सुरुवात मिठाईने कशाला करायची?

आपला जिल्हा धानाचा. तेव्हा ओट्सच्या जागी जाड पोहे घ्या. दोन वाट्या पोहे मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजा. अर्धी वाटी शेंगदाणे, दोन-दोन चमचे तीळ आणि जवस वेगवेगळे भाजा. जवस जाडसर कुटा. अख्खा दाणा बरेचदा न पचताच निघून जातो. चमचाभर तुपात तीन चमचे गूळ विरघळवून त्यात सगळे परता, गार करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पहाटे दह्यात किंवा दुधात घ्या, सोबत केळे किंवा दोन खजूर. मधुमेह असलेल्यांनी गूळ वगळावा आणि रोज्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे.

मनुकांऐवजी एक वस्तू मी आग्रहाने सुचवतो: निवडून, धुऊन, वाळवून हलकी भाजलेली मोहफुले. नाव काढताच काहींच्या कपाळावर आठ्या पडतील, कारण मोह म्हटले की दारूच आठवते. पण दारू द्राक्षाचीही होते. म्हणून मनुका कोणी टाकून देत नाही. दोष आंबवण्याचा आहे, फुलाचा नाही. नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत बायका पहाटे उठून ही फुले वेचतात. आपण सेहरीला उठतो, तीच त्यांचीही वेळ.

हा डबा रमजानपुरताच नाही. शाळेत जाणारे मूल, सकाळी शेतावर निघणारा माणूस, शेजारचे काका, कोणाच्याही न्याहारीला तो चालेल. सेहरीत बरकत आहे, असे आम्हांला शिकवले आहे. तिचा थोडा वाटा आपल्या बांधीपर्यंत आणि मोहाच्या झाडाखालच्या टोपलीपर्यंत पोहोचायला हरकत नाही.