ओह्रिडचे मोती

उत्तर मॅसिडोनियात सरोवराच्या काठी ओह्रिड हे प्राचीन शहर आहे. तेथील सेंट सोफिया चर्चची तुर्की अमलात मशीद झाली. चुन्याखाली झाकलेली त्याची जुनी भित्तिचित्रे विसाव्या शतकात पुन्हा उजेडात आली.

मला मात्र तेथील मोती अधिक मोलाचे वाटतात. सरोवरातील प्लाशित्सा या लहान माशाच्या खवल्यांचा लेप कारागीर मण्यांवर पुन्हा पुन्हा चढवतात. मग मण्यांना मोत्याचे तेज येते.

१९७९ साली हे सरोवर जागतिक वारसा ठरले. १९८० साली शहराचाही त्यात समावेश झाला. पडकी भिंत दुरुस्त करता येते. पण पाणी नासले तर मासा जाईल आणि कारागिराचे हात रिकामे होतील. म्हणून मुलांनो, वारसा जपायचा तर आधी पाणी जपले पाहिजे.