पद्मिनीला बूस्टर हवा का?

जुनी प्रीमियर पद्मिनी नव्याने उभी करताना पॉवर ब्रेक बसवण्याचा मोह होतो. माझ्या मते तो आवरावा. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी जेमतेम ९०० किलोची, चारही चाकांना ड्रम. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच ओढला जाऊन आणखी घट्ट बसतो, म्हणजे पायाला मदत करणारी युक्ती मूळ रचनेतच आहे. डिस्कमध्ये ती नाही, म्हणून पुढे डिस्क बसवायच्या असतील तर बूस्टर घ्यावाच. एरवी तो इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या निर्वाताने फक्त पायाचा जोर वाढवतो. चाकं लॉक होण्याइतका दाब साध्या पेडलनेही मिळत असेल, तर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर आणि रस्ता ठरवतात. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या मागे रखडताना पाय भरून येतो, हा आक्षेप खरा आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या चालकापुरता मला मान्यही आहे. पण पेडल जड लागण्यामागे अनेकदा गुळगुळीत झालेले लायनर किंवा अडकलेला व्हील सिलिंडर असतो. बूस्टर तो दोष फक्त झाकतो. शिवाय इंजिन बंद पडलं की एक-दोन दाबांत त्याची मदत संपते, आणि डिझेल इंजिन असेल तर निर्वातासाठी वेगळा पंप लागतो. खर्च करायचाच, तर दुहेरी सर्किटच्या मास्टर सिलिंडरवर करावा, कारण एकेरी सर्किटमध्ये एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात.