‘इको-फ्रेंडली’ झुमक्यांचा हिशेब मागा

कॉलेज फेस्टमधला दागिन्यांचा कुठलाही स्टॉल बघा. बांबूचे झुमके, करवंटीची पेंडंट्स, बियांची ब्रेसलेट्स आणि प्रत्येकाला लटकलेला ‘इको-फ्रेंडली’चा टॅग. थोड्या पैशांत स्टाइलही होते आणि पर्यावरणाचं भलं केल्याचं समाधानही मिळतं. पण तो टॅग खरा आहे का, हे तुम्ही कधी विचारलंय?

विचारायला आता भक्कम आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’ असे शब्द जाहिरातीत मोघमपणे वापरायचे नाहीत. दावा नेमका कशाबद्दल आहे ते सांगायचं आणि पुरावा जवळ ठेवायचा. वस्तू बनवणारे, विकणारे आणि जाहिरातीत तिची शिफारस करणारे, सगळेच यात येतात. त्यामुळे इन्स्टावर दागिने विकत असाल किंवा कुणासाठी पेड रील करत असाल, तर हे तुमच्याही कामाचं आहे.

सध्या हिट असलेला एक प्रकार घ्या: पारदर्शक रेझिनमध्ये बंद केलेलं खरं फूल. फूल खरंच असतं हो, पण भोवतीचं इपॉक्सी रेझिन हे प्लॅस्टिकच. एकदा घट्ट झालं की ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही आणि मातीत सहज कुजतही नाही. बांबूलाही भुंगा लागतो, म्हणून त्यावर प्रक्रिया करतात. ती कशाने केली आणि वरून कुठलं वॉर्निश मारलं, हे टॅगवर क्वचितच दिसतं.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असंही नाही. सोनार पूर्वी जिने सोनं तोलायचे, त्या लालचुटूक गुंजेत अ‍ॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. ब्रिटनमधल्या ‘ईडन प्रोजेक्ट’ने गुंजांची ब्रेसलेट्स विकली होती. धोका लक्षात आल्यावर २०११ मध्ये ती ग्राहकांकडून परत मागवावी लागली.

मग खरा सस्टेनेबल दागिना कसा असतो? ब्राझीलच्या तोकांतिन्स राज्यात जालापाओ नावाचा भाग आहे. तिथे एका वनस्पतीच्या सोन्यासारख्या चमकणाऱ्या दांड्यांपासून कानातली आणि बांगड्या बनतात. स्थानिक नाव ‘कपीम दोरादो’, म्हणजे सोनेरी गवत. मागणी वाढली तसे तिथे नियम आले. दांडे काढायचे ते २० सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळातच, म्हणजे बी पिकल्यावर. फुलांचे गेंद खुडून तिथेच टाकायचे, म्हणजे पुढचं पीक उगवेल. आणि कच्चे दांडे भागाबाहेर न्यायचे नाहीत, त्यामुळे कारागिरीचे पैसे तिथल्याच वस्त्यांना मिळतात.

आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची लढाई बांबूसाठी होती. वनहक्क कायद्याखाली गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबू विकून येणारा पैसा गावाच्या हातात आला. दागिना असो की टोपली, माल कुठल्या जंगलातून आला आणि पैसा कुणाकडे गेला, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

पुढच्या वेळी खरेदी करताना तीनच गोष्टी विचारा. हे कुठून आणि कसं तोडलं? याला काय लावलंय? बनवणाऱ्याला किती मिळतात? स्टॉलवाल्याला उत्तर माहीत नसेल, तर नुसत्या टॅगसाठी जास्त पैसे मोजू नका. आणि तुम्ही स्वतःच विकत असाल, तर ‘इको-फ्रेंडली’ खोडून नेमकं लिहा: ‘टाकाऊ करवंटीपासून, रेझिन न वापरता, मालवणात बनवलेलं’. अर्थात, ते खरं असेल तरच!